चौरंग, स्थापना आणि उत्तरपूजा : संगणकाला डिस्क जोडताना

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा आधार थांबवला. लॅपटॉप धडधाकट आहे, पण विंडोज ११ त्यावर बसत नाही, अशी अनेक घरांची पंचाईत झाली. मग कुणाच्या पुतण्याने, कुणाच्या नातीने त्या जुन्या यंत्रावर उबंटू किंवा लिनक्स मिंट बसवून दिले. आमच्या खजरान्यातही असे लॅपटॉप आहेत. नवी व्यवस्था फुकट आहे, जुन्या यंत्रावरही बरी चालते आणि मराठी अक्षरे नीट दिसतात. तक्रार मात्र जवळजवळ प्रत्येक घरातून एकच येते : "अरे, माझा डी ड्राइव्ह कुठे गेला?"

डी ड्राइव्ह कुठेही गेलेला नसतो. तो डिस्कवर जिथल्या तिथे असतो, फक्त नव्या व्यवस्थेने तो अजून 'जोडून' घेतलेला नसतो. या जोडून घेण्याला संगणकाच्या भाषेत माउंट करणे म्हणतात. विषय ऐकायला रुक्ष आहे, कबूल. पण आज आपल्या घरातले लग्नाचे अल्बम, आजोबांच्या हस्ताक्षरातल्या पत्रांचे स्कॅन, जमिनीचे कागद, मुलांच्या बारशाचे व्हिडिओ हे सगळे कुठल्या ना कुठल्या डिस्कवर आहे. ती डिस्क कुठे, कशी आणि कोणत्या अधिकाराने जोडायची, हे ठरवणारी एक छोटीशी यादी संगणकात असते. ती यादी नीट लिहिली तर हा ठेवा सुरक्षित राहतो. निष्काळजीपणे लिहिली तर नुकसान होते, आणि ते बऱ्याचदा लक्षातही येत नाही.

चौरंगावर बसल्याशिवाय गणपती नाही

डिस्क म्हणजे नुसते क्रमांक घातलेले लाखो खण. कोणत्या खणात कोणत्या फोटोचा कोणता तुकडा आहे, हे डिस्कला स्वतःला कळत नाही. ते कळण्यासाठी डिस्कवरच एक खतावणी मांडलेली असते. तिला फाइल सिस्टिम म्हणतात. विंडोजची खतावणी एनटीएफएस पद्धतीची, लिनक्सची बहुधा ईएक्सटी-४ पद्धतीची, पेन ड्राइव्हची फॅट-३२ किंवा एक्सफॅट पद्धतीची. संगणकाने ही खतावणी उघडून आपल्या कारभारात सामील करून घेतली, म्हणजे डिस्क माउंट झाली.

आपल्याला हे समजायला भाद्रपदातली चतुर्थी पुरेशी आहे. बाजारातून मूर्ती घरी आणली म्हणून लगेच गणपती बसला असे आपण म्हणत नाही. आधी चौरंग मांडायचा, मग त्यावर मूर्तीची स्थापना करायची. त्यानंतरच नैवेद्य आणि आरती. आणि मूर्ती हलवायची झाली तर आधी उत्तरपूजा. डिस्कचेही तंतोतंत असेच आहे. केबल लावणे म्हणजे मूर्ती घरात आणणे. एखादे रिकामे फोल्डर हा चौरंग. त्या फोल्डरावर डिस्क माउंट करणे ही स्थापना. आणि केबल काढण्यापूर्वी अनमाउंट किंवा इजेक्ट करणे ही उत्तरपूजा.

विंडोजमध्ये प्रत्येक डिस्कला अक्षर मिळते. सुरुवातीच्या पीसीत ए आणि बी ही अक्षरे फ्लॉपीसाठी राखलेली होती, म्हणून आजही मुख्य डिस्क सी पासून सुरू होते. लिनक्समध्ये अक्षरे नाहीत. तिथे एकच मोठा वृक्ष असतो, आणि प्रत्येक डिस्क त्याच्या कुठल्या तरी फांदीवर, म्हणजे फोल्डरावर, कलमासारखी जोडली जाते. त्यामुळे 'डी ड्राइव्ह' शोधणाऱ्या काकांना तो सापडत नाही. तो कोणत्या फांदीवर लावायचा, हे आपणच सांगायचे असते.

शब्द आला कुठून

माउंट हा शब्द अगदी शब्दशः घडणाऱ्या कामातून आला. १९७० च्या आसपास डिस्क म्हणजे थाळ्यांची जड चवड असे. ती यंत्रात हाताने चढवावी लागे आणि काम झाले की उतरवावी लागे. अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स ही व्यवस्था रचली, तेव्हा डिस्क चढवल्याचे संगणकाला कळवायला 'माउंट' आणि उतरवण्यापूर्वी कळवायला 'यूमाउंट' असे दोन आदेश केले. १९७१ च्या पहिल्या युनिक्स पुस्तिकेत हे दोन्ही आदेश आहेत. 'अनमाउंट'मधला 'एन' त्या आदेशात तेव्हापासून गळलेला आहे, तो आजतागायत परत आलेला नाही. नवशिके अजूनही तिथे अडखळतात.

दर वेळी हे आदेश हाताने देणे त्रासाचे. म्हणून कायमच्या डिस्कांची यादी एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये लिहून ठेवायची पद्धत पडली. १९८० साली कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठातून आलेल्या युनिक्सच्या आवृत्तीत ही यादी दिसते. तिचे नाव एफएसटॅब, म्हणजे फाइल सिस्टिमचा तक्ता. आजच्या लिनक्समध्येही ती त्याच नावाने 'ईटीसी' या फोल्डरात असते. संगणक सुरू होताना तो ही यादी वाचतो आणि ओळीगणिक डिस्क जोडत जातो.

हा काही हौशी लोकांपुरता खेळ नाही. पुण्याच्या सीडॅकमधला परम सिद्धी-एआय हा महासंगणक नोव्हेंबर २०२० मध्ये जगातल्या ५०० सर्वांत वेगवान संगणकांच्या यादीत ६३ वा आला होता. नोव्हेंबर २०१७ पासून त्या यादीतले सगळेच्या सगळे संगणक लिनक्सवर चालतात. तिथल्या साठवणीचा पसारा वेगळा, पण डिस्क आधी कुठेतरी जोडायची आणि मगच वापरायची, ही रीत तिथेही तीच आणि आपल्या जुन्या लॅपटॉपवरही तीच.

एका ओळीतले सहा रकाने

यादीतल्या प्रत्येक ओळीत एका डिस्कची माहिती असते. सहा रकाने, मध्ये मोकळी जागा. संगणकावर हे शब्द रोमन लिपीत लिहावे लागतात. इथे वाचायला सोपे जावे म्हणून मी उच्चाराप्रमाणे लिहितो आहे.

१. कोणती डिस्क : तिची ओळख.
२. कोणता चौरंग : ज्या फोल्डरावर ती बसवायची ते फोल्डर.
३. खतावणीचा प्रकार : ईएक्सटी-४, एनटीएफएस, एक्सफॅट वगैरे.
४. अटी : वाचायला मिळेल की लिहायलाही, डिस्क हजर नसेल तर काय करायचे, इत्यादी. खरी मेख या रकान्यात आहे.
५. डंप नावाच्या जुन्या बॅकअप आज्ञावलीसाठी एक आकडा. आज इथे बहुधा शून्यच लिहितात.
६. सुरू होताना खतावणी तपासायची का, आणि कितव्या क्रमाने. मुख्य डिस्कला १, बाकीच्यांना २, तपासायचीच नसेल तर ०.

एक गोष्ट आधीच सांगतो. पेन ड्राइव्हसाठी या यादीत काहीही लिहावे लागत नाही. उबंटू किंवा मिंटवर तो लावला की व्यवस्था आपणहून 'मीडिया' फोल्डरात त्याची जागा करते. यादी आहे ती घरच्या कायमच्या डिस्कांसाठी : लॅपटॉपमधला जुना डी ड्राइव्ह, किंवा टेबलावर कायम लावून ठेवलेली बाहेरची डिस्क.

रुमाल ओळखायचा कशावरून

पहिल्या रकान्यात डिस्कची ओळख लिहायची, म्हणजे काय लिहायचे? लिनक्स डिस्क सापडेल तसतशी तिला एसडीए, एसडीबी, एसडीसी अशी नावे देतो. हौशी मंडळी हेच नाव यादीत लिहून मोकळी होतात. पण ही नावे सापडण्याच्या क्रमावर आहेत. आज एसडीबी असलेली डिस्क, उद्या दुसरी डिस्क आधी लावली म्हणून एसडीसी होऊ शकते. मग फोटोंच्या चौरंगावर भलतीच डिस्क येऊन बसते.

जुन्या दफ्तरांत कागद कापडी रुमालांत बांधून ठेवत. रुमाल फडताळाच्या तिसऱ्या कप्प्यात आहे, एवढ्यावर विसंबणारा कारकून कप्पे आवरल्यावर फसणार. रुमालावरच चिठ्ठी असेल तर तो कुठेही ठेवा, ओळख पटते. डिस्कच्या खतावणीवरही अशी चिठ्ठी असते. तिला यूयूआयडी म्हणतात. ईएक्सटी-४ ची ही ओळख ३२ अंक-अक्षरांची असते, एनटीएफएसची १६ आणि फॅट-३२ किंवा एक्सफॅटची ८. 'ब्लकआयडी' हा आदेश दिला की प्रत्येक डिस्कची चिठ्ठी पडद्यावर दिसते. ती उतरवून पहिल्या रकान्यात लिहायची. डिस्क कोणत्याही पोर्टात लावा, ओळख बदलत नाही. मात्र डिस्क नव्याने फॉरमॅट केली की चिठ्ठीही नवी होते, तेव्हा यादीत ती बदलायला विसरू नये.

पाहुणा आला नाही म्हणून लग्न थांबवायचे का

आता चौथा रकाना. यादीत लिहिलेली डिस्क संगणक सुरू होताना जागेवर नसेल तर काय व्हावे? आजचे बहुतेक लिनक्स असे समजतात की यादीत नाव आहे म्हणजे ती डिस्क अत्यावश्यक आहे. ते साधारण ९० सेकंद तिची वाट पाहतात आणि मग सुरू होण्याचेच थांबवून काळ्या पडद्यावर 'इमर्जन्सी मोड' असा संदेश देतात. मुलगा सुट्टीत घरी येऊन बाहेरची डिस्क यादीत घालून देतो, बंगळुरूला परत जातो. महिन्याभराने आई डिस्कची केबल काढून ठेवते आणि दुसऱ्या दिवशी संगणक सुरूच होत नाही. यंत्र बिघडले असे समजून ते दुकानात नेले जाते. बिघाड काहीच नसतो.

यावर उपाय एका शब्दाचा आहे : 'नोफेल'. चौथ्या रकान्यात हा शब्द लिहिला की संगणकाला कळते, ही डिस्क आली तर जोड, नाही आली तर तिच्यासाठी खोळंबू नको. मुख्य डिस्क सोडून घरातल्या प्रत्येक डिस्कच्या ओळीत हा शब्द हवाच.

रिकाम्या चौरंगावरचा नैवेद्य

पण 'नोफेल'ची दुसरी बाजूही आहे, आणि या लेखातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे. डिस्क आली नाही तरी संगणक विनातक्रार सुरू होतो. चौरंग, म्हणजे ते रिकामे फोल्डर, तर जागेवर असतेच. आता रात्री आपोआप चालणारा बॅकअप त्या फोल्डरात फोटो लिहायला जातो. त्याला फोल्डर सापडते. ते लॅपटॉपच्याच डिस्कवरचे एक साधे फोल्डर आहे, वर कोणतीही बाहेरची डिस्क बसलेली नाही, हे त्याला कळत नाही. तो निमूटपणे सगळे फोटो त्याच लॅपटॉपवर दुसऱ्यांदा लिहून ठेवतो आणि 'बॅकअप पूर्ण' असे कळवतो. गणपती गेलेला आहे, चौरंग रिकामा आहे आणि आपण रोज मोदक वाढतो आहोत, असा हा प्रकार.

खजरान्यातल्या एका परिचित कुटुंबात हे घडताना पाहिले. निवृत्तीनंतर काकांनी दोन वर्षे बसून घरातले जुने कागद स्कॅन केले. आजोबांची पत्रे, काही मोडीतले कागद, पणजीचा एकुलता एक फोटो. मूळ कागदांना कसर लागलेली, काही तर हात लावला की तुटत होते. म्हणजे पुन्हा स्कॅन करण्याची सोय नाही. बाहेरच्या डिस्कवर रोज रात्री बॅकअप व्हावा अशी व्यवस्था भाच्याने करून दिली होती. दिवाळीच्या साफसफाईत डिस्कची केबल निघाली आणि टेबल परत लावताना ती कुणी लावली नाही. तीन महिने रोज 'बॅकअप पूर्ण' असा संदेश येत राहिला. लॅपटॉपची डिस्क भरून 'जागा शिल्लक नाही' असे आले, तेव्हा कुठे उलगडा झाला. त्या आधी लॅपटॉपची डिस्क बंद पडली असती तर तीन महिन्यांचे सगळे स्कॅन गेले असते, आणि दोन्ही 'प्रती' एकदमच गेल्या असत्या.

यावर दोन साधे बंदोबस्त आहेत. पहिला : बॅकअपच्या आज्ञावलीत सुरुवातीलाच 'माउंटपॉइंट' हा आदेश घालायचा. दिलेल्या फोल्डरावर खरोखर डिस्क बसली आहे का, एवढेच तो पाहतो. उत्तर 'नाही' आले की बॅकअप थांबवायचा आणि तसा निरोप द्यायचा. दुसरा बंदोबस्त अधिक पक्का आहे. डिस्क जोडलेली नसताना त्या रिकाम्या फोल्डरावर 'सीएचॲटर' या आदेशाने न बदलण्याची खूण लावायची. मग चौरंग रिकामा असताना त्यावर कुणालाही, अगदी प्रशासकालाही, काही ठेवता येत नाही. बॅकअप लगेच चुकीचा संदेश देऊन थांबतो. डिस्क बसली की ती फोल्डरावर येते आणि लिहिणे सुरळीत चालते.

याचीच उलट बाजूही ध्यानात ठेवावी. फोल्डरात आधीपासून काही असेल आणि त्यावर डिस्क बसवली, तर आतले सगळे दिसेनासे होते. ते पुसले जात नाही, फक्त झाकले जाते. डिस्क उतरवली की पुन्हा दिसते. फाइली नाहीशा झाल्या म्हणून घाबरण्यापूर्वी हे तपासून पाहावे.

गाभाऱ्याबाहेरून दर्शन

बुधवारी खजराना गणेशाला किती गर्दी लोटते, हे इंदूरकरांना सांगायला नको. दर्शन सगळ्यांना मिळते, पण गाभाऱ्यातली पूजा पुजारीच करतात. कुणी आत कुठवर जायचे, हे ठरलेले असते म्हणूनच एवढ्या गर्दीत सगळे सुरळीत चालते. डिस्कलाही असे उंबरठे घालता येतात.

'आरओ' म्हणजे फक्त वाचणे. आपले जुने अल्बम आणि स्कॅन पूर्ण झालेले कागद आता बदलायचे नाहीत, पाहायचे आहेत. त्यांची डिस्क 'आरओ' अटीवर जोडली की नातवाने चुकून डिलीटचे बटण दाबले तरी काही पुसले जात नाही. नवे काही भरायचे असेल तेव्हा तेवढ्यापुरते लिहिण्याचा अधिकार देऊन पुन्हा काढून घेता येतो. मात्र डिस्क खडखडत असेल, मरायला टेकली असेल, तर 'आरओ'वर विसंबू नये. ईएक्सटी-४ ची डिस्क आधी नीट बंद झालेली नसेल, तर वाचण्यापुरती जोडतानाही लिनक्स तिच्यावरची अर्धवट नोंद पूर्ण करायला जातो, म्हणजेच लिहितो. अशा वेळी 'डीडी-रेस्क्यू'सारख्या साधनाने आधी संपूर्ण डिस्कची नक्कल दुसऱ्या डिस्कवर काढावी आणि पुढचे काम नकलेवर करावे.

'नोएक्झेक' म्हणजे या डिस्कवरचा कोणताही प्रोग्राम थेट चालवायचा नाही. फोटोंच्या डिस्कवर प्रोग्रामांचे कामच काय? कुणाच्या तरी संगणकावरून एखादी नको ती फाइल आलीच, तर ही अट तिला एक अडसर घालते.

'नोएटाइम' ही अट वेगळ्या कारणासाठी आहे. जुन्या रीतीप्रमाणे एखादी फाइल नुसती वाचली तरी ती केव्हा वाचली याची नोंद डिस्कवर लिहिली जाते. हजार फोटो चाळले की हजार नोंदी. २००९ पासून लिनक्सने ही नोंद फार कमी वेळा करायचे ठरवले, आणि आता तेच आपोआप लागू असते. 'नोएटाइम' लिहिले की ती नोंद पूर्णच बंद होते. जुन्या, संथ डिस्कवर याचा थोडा फायदा होतो.

उबंटूच्या यादीत मुख्य डिस्कसमोर 'एरर्स-रीमाउंट-आरओ' असे काहीसे लिहिलेले दिसेल. ते खोडू नका. खतावणीत गडबड आढळली तर लिहिणे थांबव आणि फक्त वाचू दे, असा त्याचा अर्थ. एखाद्या दिवशी अचानक काहीच सेव्ह होईना, असे झाले तर संगणक रुसला म्हणून पुन्हा पुन्हा बंद-चालू करत बसू नये. ती डिस्कने दिलेली धोक्याची सूचना असू शकते. महत्त्वाच्या फाइली लगेच दुसरीकडे घ्याव्यात.

विंडोज आणि लिनक्स एकाच घरात

पुष्कळ घरांत एकाच लॅपटॉपवर दोन्ही व्यवस्था नांदतात. तिथली नेहमीची तक्रार अशी : लिनक्समधून डी ड्राइव्ह दिसतो, पण त्यात काही सेव्ह करता येत नाही. कारण असे की विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय आली. शट डाउन केल्यावरही विंडोज पूर्ण झोपत नाही, एक डोळा उघडा ठेवून पडते. त्याच्या दृष्टीने डिस्कची खतावणी अजून त्याच्याच हातात असते. लिनक्सला हे दिसते, म्हणून तो ती डिस्क फक्त वाचायला देतो किंवा जोडायलाच नकार देतो. हा नकार आपल्या भल्यासाठी असतो. जबरदस्तीने लिहायला लावण्याचे उपाय शोधू नका. विंडोजच्या पॉवरच्या सेटिंगमध्ये जाऊन फास्ट स्टार्टअप बंद करा, किंवा निदान शिफ्ट दाबून धरून शट डाउन करा.

एनटीएफएस डिस्कवर लिहिण्यासाठी लिनक्सच्या गाभ्यात पूर्ण सोय २०२१ मध्ये आली. एक्सफॅटचे तपशील मायक्रोसॉफ्टने ऑगस्ट २०१९ मध्ये खुले केले आणि त्यानंतर तीही लिनक्समध्ये रुळली. म्हणून विंडोज, लिनक्स आणि मॅक अशा तिन्ही ठिकाणी फिरणाऱ्या डिस्कसाठी एक्सफॅट सोयीची. फॅट-३२ टाळावी, कारण तिच्यात ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल मावत नाही, आणि आपल्या लग्नांचे व्हिडिओ त्याहून मोठेच असतात. फॅट आणि एक्सफॅटच्या खतावणीत कोणती फाइल कुणाच्या मालकीची, याचा रकानाच नसतो. त्यामुळे त्या यादीत घालताना चौथ्या रकान्यात 'यूआयडी' लिहून मालक कोण ते सांगावे लागते. घरच्या संगणकावर पहिल्या वापरकर्त्याचा क्रमांक बहुधा १००० असतो. हे लिहिले नाही तर डिस्क प्रशासकाच्या नावावर चढते आणि आपल्याच फोटोंवर आपल्याला लिहिता येत नाही.

उत्तरपूजा चुकवू नये

फोटो कॉपी करताना हिरवी पट्टी शेवटपर्यंत गेली, की आपण पेन ड्राइव्ह उपसतो. पण पट्टी पूर्ण झाली म्हणजे फाइल पेन ड्राइव्हवर पोचली असे नाही. वेग मिळावा म्हणून लिनक्स मजकूर आधी मेमरीत धरून ठेवतो आणि सवडीने डिस्कवर उतरवतो. नेहमीच्या मांडणीत ३० सेकंदांपर्यंतचा मजकूर असा वाटेत असू शकतो, आणि पेन ड्राइव्ह संथ असेल तर त्याहून जास्त. त्या वेळात तो उपसला तर शेवटच्या फाइली अर्धवट राहतात. वाईट वेळ असेल तर खतावणीच बिघडते आणि जुने फोटोही दिसेनासे होतात.

इजेक्ट म्हणजे संगणकाला सांगणे : हातातले सगळे लिहून घे, खतावणी मीट, मग मी डिस्क नेतो. 'डिस्क वापरात आहे' असे उत्तर आले तर कुठला तरी फोटो किंवा फोल्डर अजून उघडे आहे. ते बंद करून पुन्हा सांगावे. विंडोजने २०१८ नंतर बाहेरच्या डिस्कांसाठी झटपट काढण्याची पद्धत नेहमीची केली, तरी लिहिणे चालू असताना डिस्क उपसली तर तिथेही नुकसान होतेच. सवय सगळीकडे एकच ठेवावी. दहा सेकंदांचे काम आहे.

यादीला हात लावण्यापूर्वी

घरातल्या कुणी ही यादी बदलायला घेतली तर एवढा क्रम पाळावा. आधी मूळ यादीची प्रत काढून ठेवावी. मग नवी ओळ लिहावी : ओळख यूयूआयडीने, चौरंग रिकामा, अटींत 'नोफेल'. त्यानंतर 'फाइंडएमएनटी' या आदेशाला 'व्हेरिफाय' जोडून यादी तपासून घ्यावी. रकाना चुकला किंवा फोल्डर नसेल तर तो सांगतो. मग 'माउंट' आदेशाला 'ए' जोडून द्यावा, म्हणजे यादीतल्या डिस्का लगेच जोडल्या जातात. चूक असेल तर ती आत्ताच, चालू संगणकावर कळते. हे सगळे नीट झाल्यावरच संगणक बंद करून पुन्हा सुरू करावा. यादी लिहायची आणि न तपासता 'रीस्टार्ट' करायचे, हे टाळावे.

आणि एक शेवटचे काम, जे संगणकाचे नाही. कोणत्या डिस्कवर काय आहे, ती कुठल्या फोल्डरात दिसते, पासवर्ड कुणाला माहीत आहे, हे एका कागदावर मराठीत लिहून घरातल्या दोघांना तरी सांगून ठेवावे. डिस्कवर पट्टी चिकटवून नाव लिहावे.

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे गावोगाव फिरून लोकांच्या घरांतली दफ्तरे शोधत, आणि त्यातूनच 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचे २२ खंड उभे राहिले. पहिला खंड १८९८ चा. ज्या घरांनी रुमाल जपले, त्यांचे कागद छापले गेले. जिथे वाळवी लागली, तिथले गेले. इंदूरच्या मराठी घरांतले आजचे रुमाल डिस्कवर आहेत. त्यांना वाळवी लागत नाही, पण सुटलेली केबल पुरते. येत्या रविवारी पोहे-जिलबी झाल्यावर पाच मिनिटे काढा, बॅकअपचे फोल्डर उघडा आणि एवढेच पाहा : बाहेरची डिस्क खरोखर जोडलेली आहे का, आणि गेल्या आठवड्यातला फोटो तिच्यावर उघडतो का.